उडी सगळ्यांनाच दिसते

‘जिझेल’ या बॅलेच्या पहिल्या अंकात एक जागा येते. खेड्यातली पोर, काळीज कमजोर, आईची नाचायला मनाई. आणि ही पोर डाव्या पायाच्या बोटांच्या टोकावर चढून, त्याच एका पायावर टुणूकटुणूक उड्या घेत रंगमंच तिरका कापत पुढे येते. उजवा पाय हवेत, गुडघ्याखाली लहान लहान फेर धरणारा. टाच टेकवायची नाही, लय सोडायची नाही, हे अवघड आहे असं चेहऱ्यावर येऊ द्यायचं नाही. उलट एक नजर आईकडे, एक प्रियकराकडे. पुढे बोटांवर गिरक्या घेत रंगमंचाला एक वेढा, शेवटी गुडघ्यावर बसकण. सगळं मिळून दोन-अडीच मिनिटं. बॅलेत अशा एकलाला व्हेरिएशन म्हणतात, आणि नर्तकीची नोकरी, बक्षीस, नाव हे सगळं अशा दोन मिनिटांवर ठरतं.

मूर्तिजापुरात स्टेशनपासून फार लांब नाही अशा एका घराच्या वरच्या मजल्यावर कथकचा क्लास भरतो. चालवणाऱ्या बाई गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या विशारद. मुली त्यांना ताई म्हणतात. काही मुली गावातल्या, काही आसपासच्या खेड्यांतून एसटीने येणाऱ्या. प्रारंभिकपासून मध्यमापर्यंत सगळ्या पायऱ्यांवरच्या. मी ताईंना विचारलं, बॅलेतले काही एकल तुमच्या पोरींना दाखवू का? त्यांना त्यात काय दिसतं ते मला ऐकायचंय. ताई म्हणाल्या, “दाखवा की. पण आवाज मोठा ठेवा, नाहीतर ह्या ताल शोधत बसतात.”

ताल शोधत त्या बसल्याच. जिझेल लागल्याबरोबर दोघी-तिघींच्या हाताची बोटं मांडीवर चालू झाली. दाराशी ताईंच्या सासूबाई सुपात तूर निवडत होत्या. त्यांनी थोडा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, “इचे पाय तं वाजतच नाही वं!”

त्या दुपारची सगळ्यात नेमकी समीक्षा हीच. कथकची मुलगी शेदीडशे घुंगरं बांधून जमिनीशी बोलते. तिचा पाय स्वच्छ वाजला नाही तर परीक्षक मान हलवतो. बॅलेची मुलगी तीच जमीन आवाज न होऊ देता वापरते. तिच्या बुटाचं टोक म्हणजे कापड, कागद आणि डिंक यांचे थरावर थर देऊन वाळवलेली डबी. नवा बूट लाकडासारखा ठोठावतो. म्हणून नर्तक्या तो घालण्याआधी भिंतीवर, पायरीवर आपटतात, कोणी हातोडीने ठोकतात, तळ वाकवून मऊ करतात, रिबिनी स्वतः शिवतात. मोठ्या भूमिकेत एक जोड एका रात्रीत निकामी होतो. आणि इतकी उस्तवार करून त्यांना मिळवायचं असतं ते हे, की पाय वाजू नये. उडीवरून उतरताना आधी बोटं, मग चवडा, मग टाच आणि शेवटी गुडघा अशी वजनाची उतरंड लागली तरच हे साधतं. धपकन आवाज आला की समजायचं, उतरंड कुठेतरी तुटली.

ताईंनी मग मुलींना काम लावलं. लंडनच्या रॉयल बॅलेची पीटर राइट यांनी बसवलेली ‘जिझेल’ वेगवेगळ्या वर्षी चित्रित झाली आहे: 2006 मध्ये अलिना कोजोकारू, 2014 मध्ये नतालिया ओसिपोवा, 2016 मध्ये मारियानेला नुन्येझ. एकच संगीत, एकच बांधणी, तीन बाया. वहीत दोन रकाने पाडायचे, एक तयारीचा आणि एक अदेचा, आणि दहापैकी गुण द्यायचे.

तयारीच्या रकान्यात फारसा वाद झाला नाही. तिघीही जगातल्या पहिल्या फळीतल्या, तिथे उणं काढायला जागाच कमी. नुन्येझ बोटांवर उभी राहते तेव्हा घाई कशाची नाहीच, असं वाटतं. मुलींनी तिला भरभरून गुण दिले. ओसिपोवाच्या अंगात एक उतावळेपणा आहे, वाऱ्याबरोबर निघून जाईल असा. तिची ख्यातीच मुळी उडीची. अदेच्या रकान्यात मात्र गोंधळ. मध्यमाची एक मुलगी म्हणाली, “ताई, ही पहिली आहे ना, कोजोकारू, ती सुरू करायच्या आधीच आवडली. मग गुण कोणत्या पावलाचे देऊ?”

प्रश्न बरोबर जागी लागला होता. कोजोकारू नाच सुरू करण्याआधी जे करते ते पाऊल नव्हेच. ती नुसती उभी असते, पण परवानगी मागत असल्यासारखी. त्यामुळे पुढे पहिल्यांदा पाय मागे उंचावून ती एका पायाच्या बोटांवर तोलते तेव्हा तो तोल म्हणजे कसरत राहत नाही, मिळालेली मुभा होते. तंत्राने बघितलं तर तिघींचा तो तोल थोड्याफार फरकाने सारखाच. फरक आधीच्या क्षणाचा.

माझं म्हणणं सांगायचं तर एवढंच आहे. व्हेरिएशनमध्ये उडी, गिरकी, तोल हे सगळ्यांनाच दिसतं, मूर्तिजापुरातही आणि मॉस्कोतही. जाणकार बघतो ते दोन पावलांच्या मधलं: गिरकीआधी गुडघा वाकतो तो कसा, उडीवरून उतरल्यावर हात कधी थांबतात, कोपऱ्याकडे परत चालत जाताना ती नर्तकी असते की भूमिका. बॅलेच्या पुस्तकात या जागांना नावं आहेत, जोडपावलं आहेत, पण टाळ्या नाहीत. खरा कस तिथेच लागतो आणि कच्ची नर्तकी उघडी पडते तीही तिथेच. गिरकीच्या आधी तिचा श्वास अडकतो, खांदे वर येतात, डोळ्यांत हिशेब दिसतो, आणि प्रेक्षकाला कळतं की आता काहीतरी मोठं येणार आहे. आधीच कळलं की मजा गेली.

गिरकीचं तंत्र आपल्याला परकं नाही. कथकच्या मुली एक पायाचे, तीन पायांचे, पाच पायांचे चक्कर घोटतात. डावी टाच रोवलेली, नजर समोरच्या खुणेवर खिळलेली, अंग फिरतं, मान शेवटी झटक्यात फिरून परत त्याच खुणेवर येते. बॅलेतही मान अशीच फिरवतात, भोवळ येऊ नये म्हणून. फरक खाली आहे. कथकमध्ये धुरा टाच, बॅलेत बोटांचं टोक किंवा उंचावलेला चवडा. ‘स्वान लेक’मधल्या ज्या 32 फ्वेत्ते गिरक्यांची जगभर चर्चा असते, त्यांत उचललेला पाय पुढून बाजूला चाबकासारखा फिरतो आणि लगेच गुडघ्याशी दुमडतो. पाय फिरतो तेवढ्या वेळात टेकलेल्या पायाची टाच क्षणभर खाली येते, गुडघा वाकतो, नवा जोर घेतो. पाय लांब असताना अंग सावकाश फिरतं, दुमडला की वेग वाढतो. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात हात आत घेणाऱ्या स्केटिंगवाल्याचं उदाहरण असतं, त्यातलंच हे. आठवीतल्या मुलीने हे ऐकून विचारलं, “मंग थे सरकत कावून नाही जागेवरून?” सरकतात. चांगल्या चांगल्या सरकतात. बत्तिसाव्या गिरकीला पहिल्याच फळीवर उभी असणारी नर्तकी दुर्मीळ.

पण या 32 गिरक्या व्हेरिएशनमध्ये नसतातच, हे बरेच हौशी रसिक विसरतात. जुन्या रशियन बॅलेत जोडीच्या नृत्याची रचना पक्की असे: आधी दोघांचं संथ नृत्य, मग त्याचा एकल, मग तिचा एकल, मग शेवटची धावती जोड, तिला कोडा म्हणतात. गिरक्या त्या कोडात येतात, जिथे सगळं अंगावर आलेलं असतं आणि प्रेक्षक टाळ्यांना आसुसलेला असतो. पिएरिना लेन्यानी या इटालियन नर्तकीने त्या 1893 मध्ये पीटर्सबर्गला ‘सिंड्रेला’त दाखवल्या, 1895 मध्ये ‘स्वान लेक’मध्ये आणल्या, आणि तेव्हापासून त्यातली ओडिल करणाऱ्या प्रत्येक नर्तकीच्या मानगुटीवर त्या बसल्या. माया प्लिसेत्स्कायासारखी नर्तकी त्याऐवजी रंगमंचाला वेढा घालणाऱ्या गिरक्या घेई आणि तरी तिच्या ओडिलला कोणी कमी म्हटलं नाही. ही गोष्ट मी ताईंच्या मुलींना मुद्दाम सांगितली. परीक्षेच्या आधी आकड्यांचा धाक फार वाढतो.

एकल कुणाचा, हाही प्रश्न मजेशीर आहे. मारियुस पेटिपा मूळचा फ्रेंच, मार्सेयचा. 1847 मध्ये पीटर्सबर्गला गेला आणि पुढची पन्नासेक वर्षं तिथल्या बॅलेला त्याने आकार दिला. त्याच्या काळात एकल नर्तकीच्या अंगावर बेतला जाई, शिंप्याने माप घेऊन शिवावा तसा. एकीची उडी चांगली तर तिला उड्या, दुसरीची बोटं मजबूत तर तिला बोटांची कामं. नर्तकी बदलली की एकल बदले, संगीतासकट. आज आपण ‘जिझेल’चा म्हणून जो एकल डोळे भरून बघतो, तो 1841 च्या मूळ पॅरिसच्या प्रयोगात नव्हताच, आदोल्फ आदामच्या संगीतातही नव्हता. तो मागाहून पीटर्सबर्गला घातला गेला. म्हणजे परंपरा म्हणून जे शिकवतात ते कधीकाळी कुणा एकीची सोय होती. पेटिपाच्या रचनांची पावलं स्टेपानोव्हच्या खुणालिपीत टिपून ठेवलेली आहेत. क्रांतीनंतर निकोलाय सेर्गेयेव्हने ते कागद रशियाबाहेर नेले आणि आज ते हार्वर्ड विद्यापीठात आहेत. त्यांवरून काही रचना पुन्हा बसवल्या गेल्या तेव्हा आढळलं की त्या काळी पाय आजच्यापेक्षा बरेच खाली उचलत आणि पावलं बरीच जलद टाकत. आज पाय कानाशी जातो. त्याने चित्र देखणं होतं, पण पाय वर न्यायला लागणारा वेळ कुठून तरी काढावा लागतो. तो निघतो त्या मधल्या जागांतून. मला हा तोट्याचा व्यवहार वाटतो.

पेटिपाचा आणि आपला संबंध थेट आहे, आणि थोडा गमतीदारही. 1877 मध्ये त्याने ‘ला बायादेर’ बसवलं: लुडविग मिंकुसचं संगीत, गोष्ट भारतातल्या देवळातल्या नर्तकीची, निकिया तिचं नाव. राजकन्या, योद्धा, टोपलीत साप, उड्या मारणारे फकीर. वऱ्हाडात रेल्वे येऊन, बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंत पोचून तेव्हा दहा वर्षं झाली होती. पीटर्सबर्गचा भारत मात्र पुठ्ठ्याचा. ताईंनी त्यातला सोनेरी मूर्तीचा एकल बघितला आणि हसू आवरेना. अंगभर सोनेरी रंग फासलेला नर्तक, हाताची बोटं कुठल्याशा मुद्रेत, उडी मारून आल्यावर पुन्हा मूर्ती होऊन थांबतो. हा एकल 1948 मध्ये निकोलाय झुबकोव्हस्की याने स्वतःसाठी रचला. “मुद्रा कसली ही? चिमूट वाटते,” ताई म्हणाल्या. खरं आहे. पण दुसऱ्यांदा लावल्यावर त्या गप्प झाल्या. उडीच्या वरच्या टोकाला त्या नर्तकाच्या हाताची बोटं हलत नाहीत. अंग हवेत, आणि मनगट देवळातल्या दगडासारखं. “हे अवघड आहे,” त्या म्हणाल्या. “आमच्या पोरींचे हात चक्करमध्येच सुटतात.”

आपल्याकडे बॅलेचं येणं तसं जुनं आहे. आना पावलोवा 1922 च्या अखेरीस भारतात आली आणि पुन्हा काही वर्षांनी आली. 1928 मध्ये मुंबईत तिचा प्रयोग रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी पाहिला आणि पुढे ऑस्ट्रेलियाच्या बोटीवर दोघींची गाठ पडली. तिचा ‘मरणारा हंस’ हा फोकिनने बांधलेला एकल जवळजवळ तंत्रहीन म्हणावा असा: एकही मोठी उडी नाही, गिरक्यांची माळ नाही, बोटांवर अगदी बारीक, जवळजवळ न दिसणारी पावलं, हात आणि पाठ. तुलनेला घ्यायला तो फारच सोयीचा, कारण त्यात मोजायला काही उरत नाही. मुंबईतच राहणाऱ्या लीला सोखी, नृत्यात मेनका, यांनी कथकला नृत्यनाट्याचं रूप दिलं, 1936 मध्ये बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळच्या नृत्यमहोत्सवात गौरव मिळवला आणि 1938 मध्ये खंडाळ्याला शाळा काढली. बॅलेचं तंत्र म्हणून घेणं वेगळं आणि बॅलेकडून एक कल्पना घेणं वेगळं. मेनकाबाईंनी दुसरं केलं.

तंत्र म्हणून घेणारे अलीकडचे. इस्रायलहून आलेले शिक्षक यहुदा माओर मुंबईत शिकवू लागले आणि त्यांच्या हाती दोन मुलं लागली: टॅक्सीचालकाचा मुलगा मनीष चौहान आणि वेल्डरचा मुलगा अमिरुद्दीन शाह. अमिरुद्दीन 2017 मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये गेला. या दोघांवरून सूनी तारापोरवाला यांनी ‘ये बॅले’ हा चित्रपट काढला, 2020 मध्ये; त्यात मनीष स्वतःच काम करतो, आणि पुढे त्याच्यावर ‘कॉल मी डान्सर’ हा माहितीपटही आला. दोघांच्या गोष्टीवर वर्तमानपत्रांनी झोपडी ते लंडन असे मथळे चढवले. मला त्यात अडकायचं नाही; मला त्यांच्या पायांत रस आहे. बॅलेचा पाय मांडीच्या खुब्यापासून बाहेर वळलेला लागतो. हे वळण आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या अंगात हळूहळू बसवतात. मनीष उलट्या उड्यांपासून बॅलेकडे आला तो वयात आल्यावर. उडी त्याच्याकडे होतीच, आणि पडद्यावर ती जीव टांगते. पण उडीच्या आधी आणि नंतर पाऊल पाचव्या जागी मिटतं, टाचेला बोटं आणि बोटांना टाच, ते मिटणं उशिरा शिकणाऱ्याच्या हाडांना छळतं. माहितीपटात त्याच्या सरावाची जी दृश्यं आहेत ती बघताना माझं लक्ष हवेत जात नाही, खाली राहतं. पुरुषांच्या व्हेरिएशनमध्ये प्रेक्षक उडी मोजतो आणि शिक्षक पाऊल मिटण्याकडे बघतो.

कथकच्या एकलाशी ताडून बघताना मोठा फरक वेळेचा. पुण्याच्या रोहिणी भाटे यांनी 1947 मध्ये नृत्यभारती काढली आणि एकल कथकला एक बुद्धिनिष्ठ शिस्त लावली. त्यांनीच इझाडोरा डंकनचं आत्मचरित्र मराठीत आणलं, म्हणजे बॅलेविरुद्ध बंड करणाऱ्या बाईचं पुस्तक मराठी वाचकाला कथकच्या गुरूकडून मिळालं. कथकचा एकल ठाटापासून सुरू होतो, आमद, तोडे, परण, गतनिकास, तत्कार असा तास-दीड तास फुलतो. नर्तकी पढंत करते, तबलजीशी बोलते. एखादी तिहाई समेला चुकली तर हसून पुन्हा घेते आणि प्रेक्षक तिच्या बाजूला येतो. व्हेरिएशनमध्ये पुन्हा घेणं नाही. वाद्यवृंद थांबत नाही, पाऊल बदलायची मुभा फार थोडी. एवढ्या चिंचोळ्या जागेत स्वतःचं काय घालायचं? म्हणून तिथली अदा पावलांत मावत नाही, पावलांच्या वेळेत मावते. एक स्वर जरा मागे राहून पकडायचा, एक तोल निमिषभर जास्त धरून पुढचं पाऊल त्या हिशेबाने आवरायचं. ठुमरी गाणारी हे करते. ताईंना हे लगेच पटलं, कारण ठाट त्या असाच शिकवतात: भुवई आणि मनगट हलतं, बाकी काही नाही, आणि सम मात्र चुकवायची नाही.

स्वित्झर्लंडमधली प्री द लोझान ही स्पर्धा 1973 पासून चालते, पंधरा ते अठरा वयाच्या मुलांसाठी. बक्षीस म्हणजे नामांकित शाळेत किंवा संचात शिकायची शिष्यवृत्ती. तिथे परीक्षक फक्त रंगमंचावरचा एकल बघून गुण देत नाहीत, आठवडाभर वर्गातही बसतात. मुलगा दुरुस्ती ऐकल्यावर काय करतो, संगीताला कसा उत्तर देतो, तेही बघतात. स्पर्धा इंटरनेटवर फुकट दिसते. आपल्या परीक्षा बहुधा एकाच बैठकीत उरकतात. परीक्षकाला दुसऱ्या केंद्राची गाडी पकडायची असते. गुणपत्रिका सोपी होते. त्या मुलीला वर्षभर कोणी बघितलेलं नसतं.

ताईंनी त्या दुपारनंतर क्लासमध्ये एक बदल केला. तोडा संपल्यावर मुली जागेवर परत जातात ना, पदर सावरत, एकमेकींकडे बघत, ते बंद. परत जाणंही नाचात धरायचं, लेहरा थांबेपर्यंत. पहिल्या आठवड्यात भरपूर हसणं झालं. आठवीतली ती मुलगी, सरकण्याबद्दल विचारणारी, मला म्हणाली, “परीक्षेत याचे मार्क आहेत का, मॅडम?”

नाहीत, म्हटलं.

“मंग ताई एवढ्या कावून मागं लागल्या?”

ताई पलीकडे हार्मोनियमवर लेहरा धरून होत्या. त्यांनी ऐकलं, पण उत्तर दिलं नाही, दुसऱ्या मुलीला म्हणाल्या, “परत. समेवरून निघालीस तेव्हा खांदे पाडलेस.”